शंख वाजला की बसायचं

माताफागा, ४ जुलै

सिलिया,

तुला फोन करून पाहिला. थोडा वाजतो आणि बंद होतो, म्हणजे तू हातात धरून नाव वाचतेस आणि मग कापतेस. आपियाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी जन्म काढला. न उचललेला फोन आणि कापलेला फोन यांतला फरक मला कळतो. म्हणून हे पत्र. पत्र फाडता येतं, पण त्यासाठी आधी हातात घ्यावं लागतं.

भांडण मिटवायला लिहीत नाही, गैरसमज नको. आईला तू उपचारांसाठी ऑकलंडला नेलंस, त्याला मी हरकत घेतली नव्हती. पण ती गेल्यावर तिला तिथेच पुरलंस. कुणाला विचारलंस? बाबा घरासमोरच्या मातीत आहेत, आजी-आजोबा घरासमोर आहेत. बाबांच्या शेजारची जागा बाबांनी स्वतः आखून ठेवली होती. तिथलं गवत दर शनिवारी मी काढते. रिकाम्या जागेचं गवत काढणारी साऱ्या सामोआत मी एकटीच असेन. तुझ्या त्या मातीवर पाय ठेवणार नाही असं मी तेव्हाच सांगितलं होतं आणि ठेवलेला नाही. मठातल्या सिस्टरांनी आपल्याला दुसरं काही शिकवलं नसेल, पण बोललेला शब्द पाळायला शिकवलं.

आता दुसरी गोष्ट. लाफाएले आठवतो ना, आपल्या गावची बस चालवायचा आणि दर वर्षी तिच्यावर नवीन चित्रं काढायचा, तो. त्याची मुलगी तिकडे तुझ्याच चर्चमध्ये येते आणि तुझ्याच बसने कामावर जाते. ती सांगते की तू बसमध्ये मान खाली घालून फोनवर रंगीत गोळ्या जुळवत असतेस. ती शेजारी उभी राहिली तरी तुला दिसत नाही. सख्ख्या बहिणीचा फोन घ्यायला वेळ नाही आणि गोळ्या फोडायला वेळ आहे. साठी उलटलेली बाई तू.

हे मला लाफाएलेने चर्चच्या पायरीवर सांगितलं, आणि त्याच आठवड्यात मी आपियाला वाचनालयात पुस्तक परत करायला गेले, तर दारावर कागद लावलेला. मोबाइलवरचा आपला पहिला खेळ बनवा. त्याला गेम जॅम म्हणतात. आठवडाभर माणसांनी एकत्र बसायचं, ज्यांनी जन्मात खेळ बनवला नाही त्यांनीसुद्धा, आणि शेवटी जे तयार होईल ते साऱ्या जगाला खेळायला द्यायचं. परदेशातले परीक्षक ते खेळून बघतात आणि गुण देतात.

टेबलामागे एक पोरगी होती. नाव लोसा. जन्म तुमच्या ऑकलंडचा, आपली भाषा बोलते ती तोंडात टारोचा गरम कंद धरल्यासारखी.

"आंटी, नातवाचं नाव द्यायचंय?"

"नातू नाही. लग्नच केलं नाही. माझं नाव घाल."

"तुमचं? पण आंटी, हे जरा तांत्रिक असतं."

"तू जन्मली नव्हतीस तेव्हा या बेटावरून बाहेर जाणारा प्रत्येक फोन माझ्या हाताखालून जायचा. लिही, अकेनेसे. आणि पेन्सिलीने लिहू नकोस."

तिने पेनने लिहिलं. सतरा तारखेपासून सुरू होणार आहे. तुझ्याशी याचा काही संबंध नाही. माहीत असावं म्हणून सांगितलं.

अकेनेसे


माताफागा, १९ जुलै

सिलिया,

पहिल्या दिवशी आमच्या टेबलाशी कुणी बसलं नाही. आमच्या म्हणजे माझ्या आणि लाफाएलेच्या. त्याला मी ओढून नेलं, कारण चित्रं लागतात आणि मला साधी कोंबडी काढता येत नाही. बाकीची टोळकी आपापसांत कुजबुजत होती. लाफाएले म्हणाला, "एक्स्चेंजबाई, यांना वाटतंय आपण इथे झाडायला आलोय."

"तू तसाच दिसतोस," मी म्हटलं.

काम मात्र मला जमलं, हे तुला खोटं वाटेल. फोनच्या पडद्यावर रंगीत ठोकळे असतात. हे झालं की ते कर, असं एकाला एक लावायचं. बोट लागलं की मुलगी चालेल. डुक्कर आडवं आलं की मुलगी थांबेल. हे तर माझंच काम होतं. या भोकातली तार त्या भोकात घातली की आपियातली बाई वेलिंग्टनमधल्या मुलाशी बोलायची. चुकीच्या भोकात गेली की फोन पोलीस स्टेशनला लागायचा. लोसा मला समजावायला वाकली, तोवर माझी मुलगी चालायला लागली होती. तिने सरळ उभं राहून दुसऱ्या टेबलाकडे मोर्चा वळवला.

खेळ असा आहे. एक मुलगी बसमधून उतरते. हातात पावाची लादी. तिला अंधार पडायच्या आत घरी पोचायचंय. वाटेत डुकरं, पाण्याची डबकी आणि दर दोन घरांमागे एक मावशी, जी विचारते, "कुठे निघालीस?" उत्तर दिल्याशिवाय पुढे गेलं की पावाचा एक तुकडा कमी. लोसा म्हणाली, शत्रू म्हणून मावश्या कशा चालतील. लाफाएले म्हणाला, "तू आमच्या रस्त्याने कधी चालली नाहीस."

ती मुलगी कुणी नाही. उगाच एक मुलगी आहे. तिची उजवीकडची वेणी सुटलेली आहे, ती काढताना लाफाएलेचा हात हलला म्हणून. मी ती तशीच राहू दिली. पुन्हा काढायला लावलं असतं तर त्याने दिवस घालवला असता.

आणि अर्ध्या वाटेत सूर्य समुद्राला टेकतो आणि शंख वाजतो.

आता तुला काय सांगायचं. शंख वाजला की सा लागतो, गाव थांबतं. घराघरात प्रार्थना सुरू होते, पुरुष काठ्या घेऊन रस्त्यावर उभे राहतात, आणि जो जिथे असेल त्याने तिथे बसायचं. दुसरा शंख होईपर्यंत उठायचं नाही. मी खेळातही तसंच केलं. शंख झाला की मुलगी रस्त्याच्या कडेला बसते. पडद्यावर कुठेही बोट लावा, ती हलत नाही. किती वेळ बसवायचं हे ठरवायला मी घरी माळ घेऊन पूर्ण प्रार्थना म्हटली आणि तेवढाच वेळ लावला. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. सा म्हणजे सा. लाफाएलेलाही वाटलं नाही. त्याने काठी घेतलेला एक माणूस काढला, तो हुबेहूब त्याच्यासारखा आणि बराच देखणा आहे.

तू एकदा अशी सापडली होतीस. बस उशिरा आली आणि तू आपल्या घरापासून एवढ्याशा अंतरावर, फणसाच्या पलीकडच्या वळणावर, चिखलात बसलीस. आम्ही सगळे आत चटईवर. मला तुझी वेणी दिसत होती. आईने प्रार्थनेचा आवाज वाढवला. बाबांनी तिच्याकडे बघितलं, तिने डोळे मिटलेलेच ठेवले आणि आणखी वाढवला. तू बाहेर एकटी बसून तिच्याबरोबर म्हणत होतीस. ओठ हलताना दिसत होते.

उद्या आवाज भरायचे आहेत. शंख लाफाएले फुंकणार. घरातून येणारं गाणं कुणीतरी म्हणायला हवं.

अकेनेसे


माताफागा, २३ जुलै

सिलिया,

मी अजून संतापलेली आहे, म्हणून अक्षर असं आलंय.

खेळ द्यायची शेवटची वेळ परदेशातल्या लोकांनी रविवारची ठेवली. रविवारी काम करायचं हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल ते कळायला मार्ग नाही. मी लोसाला सांगितलं, आमचा शनिवारीच जाईल. शनिवारी सकाळी आम्ही वाचनालयात गेलो, शेवटचं एकदा खेळून बघायला. मुलगी उतरली, डुकरं चुकवली, मावश्यांना उत्तरं दिली, सूर्य टेकला, शंख वाजला. आणि ती चालतच राहिली.

लाफाएले खुर्चीतून उठला. "अगं, ती चालतेय. शंख झाला आणि ती चालतेय. कुणाची पोर आहे ही?"

लोसा हसत आली. म्हणाली, "आंटी, तुमचा खेळ मध्येच अडकत होता. काल तुम्ही गेल्यावर मी बघितलं. दुरुस्त केलाय."

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं तो बिघडलाय म्हणून?"

"पडदा हलतच नव्हता, आंटी. किती तरी वेळ."

"तो सा आहे."

तिला शब्द माहीत होता, पण बघितलेला नव्हता. ती म्हणाली, ठीक आहे, तीन सेकंद थांबवू, लोकांना कल्पना येईल. मी म्हटलं, तीन सेकंदांत कुणाची प्रार्थना होते. ती म्हणाली, परीक्षकांकडे शेकडो खेळ असतात, पडदा थांबला की ते बिघडलाय म्हणून बंद करतील आणि पुढच्याकडे जातील. एवढं कुणी थांबणार नाही.

"ज्याला ठाऊक आहे तो थांबेल."

"आणि ज्याला ठाऊक नाही?"

"त्याच्यासाठी बनवलेला नाही."

"मग कुणासाठी बनवलाय, आंटी?"

मी ठोकळे उघडून बसले. लाफाएले खिडकीतून बाहेर बघत होता, जणू बाहेर काही होतं.

ठोकळे परत जागेवर लावता लावता दुपार गेली. लोसानेच मदत केली, तोंड पाडून, पण केली. आमची शेवटची बस चुकली, तेव्हा तीच म्हणाली, मी सोडते. लाफाएले मागे झोपला. गावाच्या वेशीशी आलो आणि शंख झाला. समोर फेतूचा मोठा मुलगा काठी आडवी धरून उभा.

"आंटी, याला काय हवंय?"

"तू थांबायला हवीस. इंजिन बंद कर."

"किती वेळ?"

"होईपर्यंत."

तिने फोन काढला. मी तो तिच्या हातातून घेऊन माझ्या मांडीवर ठेवला. मग आम्ही बसलो. आधी एका घरातून गाणं आलं, मग पलीकडच्या, मग सगळीकडून, प्रत्येकाचं वेगळं आणि तरी एकच. कुत्रीसुद्धा गप्प असतात त्या वेळी, तुला आठवत असेल. लोसा सुरुवातीला चुळबुळ करत होती. मग तिने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. दुसरा शंख झाला, फेतूच्या मुलाने काठी बाजूला केली, तरी ती गाडी सुरू करेना.

"माझी आजी होती तिकडे आमच्याकडे," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी टीव्हीचा आवाज बंद करून थोडा वेळ नुसती बसायची. आम्हाला वाटायचं, डोक्यात काही झालंय."

मी तिला फोन परत दिला. दारात गाडी उभी राहिल्यावर तिने तिथूनच खेळ पाठवला, जसा होता तसा. गुण जाणार हे तिलाही ठाऊक होतं.

खेळातलं गाणं मीच म्हटलं. दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून. आई म्हणायची तेच, मरियेचं. फोन मध्ये ठेवला, लाफाएलेला बाहेर उभं केलं कोंबड्या हाकायला. आत आला तेव्हा म्हणाला, "तुझ्या आईचाच आवाज आहे गं." मी म्हटलं, वयाने बसतो सगळ्यांचा आवाज.

खेळाचा पत्ता या पत्राच्या मागच्या बाजूला लिहिला आहे. बसमध्ये गोळ्यांचा कंटाळा आला तर. नाही खेळलीस तरी चालेल.

अकेनेसे


माताफागा, ११ ऑगस्ट

सिलिया,

निकाल लागला. आमचा खेळ कुठेच नाही. परीक्षकांनी लिहिलंय की चित्रं मनमोकळी आहेत, मावश्यांना ते हसले, पण खेळ मध्यावर बंद पडतो, त्यामुळे पूर्ण करता आला नाही. बंद पडतो म्हणे. जी गोष्ट माणसं हजार वर्षं रोज करत आली आहेत तिला हे बंद पडणं म्हणतात.

हजार वर्षं नसतील. मिशनऱ्यांच्या आधी प्रार्थना वेगळी होती. पण संध्याकाळी शांत बसायची माणसं, हे मी सिस्टर बर्नाडेटलाही वर्गात उभं राहून सांगितलं होतं आणि छडी खाल्ली होती.

खेळाच्या पानाखाली कुणालाही काहीही लिहिता येतं. लिहितातही. अडकला. हँग होतो. काढून टाकला. एकाने लिहिलंय, सुंदर होता, वाया घालवलात. मी त्याला उत्तर लिहायला घेतलं, लोसाने हात धरला. "आंटी, उत्तर द्यायचं नाही. दिलं की आणखी येतात."

ती आता शनिवारी येते गावात. आपणहून. माझ्याबरोबर गवत काढते. बाबांच्या शेजारी एवढी मोकळी जागा का, असं तिने विचारलं. मी सांगितलं. तिने विचारलं, "तिकडे कोण काढतं मग गवत?" मी म्हटलं, सिलिया काढत असेल. तोवर हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. तिकडेही गवत वाढत असणार. तू काढतेस ना? तिकडचं गवत ओलं असतं म्हणतात, आणि तुझे गुडघे.

मी पान रोज उघडून बघते असं नाही. लाफाएले म्हणतो, "आज कितव्यांदा?" त्याला मी सांगितलं की चित्रांची कुणी स्तुती केली का ते बघते. खोटं नाही, कुणी केलीही होती, काठीवाल्या माणसाची. त्यानंतर दोन दिवस तो चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसला.

एक गोष्ट सांगून टाकते. तू माझी पत्रं उघडत नसशील असं मला वाटलं, म्हणून खेळाचा पत्ता मी लाफाएलेच्या मुलीलाही कळवला. तिने तो चर्चमधली मिस्सा झाल्यावर तुझ्या हातात दिला. ती म्हणते, तू वाचला नाहीस, पर्समध्ये टाकलास आणि विचारलंस, "अकेनेसेची तब्येत कशी आहे?" मग तिने सांगायच्या आत निघून गेलीस.

माझी तब्येत बरी आहे. विचारायचंच असेल तर मला विचार.

संध्याकाळी मी चटईवर बसते तेव्हा एकटीच असते. शंख होतो, मी गाणं सुरू करते, आणि आवाज आपोआप वाढतो. शेजारची मारेता परवा म्हणाली, "अकेनेसे, बहिरी झालीस का? अख्ख्या रस्त्याला ऐकू जातं." जाऊ दे ऐकू. रस्त्यावर कुणी असेल तर.

अकेनेसे


माताफागा, २ सप्टेंबर

सिलिया,

काल लोसाचा फोन आला. म्हणाली, आंटी, पान बघा. मी म्हटलं, पुन्हा कुणी शिव्या दिल्या का. ती म्हणाली, बघा तर.

सगळ्या तक्रारींच्या खाली, नाव न घालता, आपल्या भाषेत कुणीतरी लिहिलंय:

"खेळ बिघडलेला नाही. सा आहे. फोन खाली ठेवा आणि गप्प बसा, मग पुढे जाता येतं. मी बसले. गाणारी बाई दुसऱ्या कडव्यात वर जाते, तिथे खाली यायचं असतं. लहानपणापासून चुकते. कुणाचं ऐकत नाही."

मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. लाफाएले आला तर त्याला चष्मा नाही म्हणून मोठ्याने वाचून दाखवायला लागलं, आणि अर्ध्यावर मला ते जमेना. तो म्हणाला, "राहू दे, कळलं कोण ते." आणि स्वतः चूल पेटवून कोको करायला गेला. माझ्या घरात, न विचारता. कोको पाणचट झाला होता. मी प्यायले.

आता ऐक. दुसऱ्या कडव्यात वरच जायचं असतं. आई वर जायची. तू खाली यायचीस, कारण तुला वर जाता यायचं नाही, आणि आई तुझ्यासाठी खाली यायची. तुझ्याबरोबर म्हणताना खाली, एकटी म्हणताना वर. तू बाहेर चिखलात होतीस त्या संध्याकाळी ती खाली आली होती, हे मात्र मला मान्य करावं लागेल. म्हणजे तिकडे शेवटच्या दिवसांत ती खालीच म्हणत असेल. मला ते ठाऊक असायला हवं होतं आणि नाही. कुणी सांगायला नव्हतं. फोनवर आपण दोघी फक्त औषधांचं बोलायचो.

मी येते आहे.

याचा अर्थ तू बरोबर होतीस असा नाही. तिला इथेच असायला हवं होतं, आणि मी हे तुझ्या तोंडावर पुन्हा सांगेन. पण ती जिथे आहे तिथे आहे, आणि ते गाणं तिथे उभं राहून दोघींनी म्हटल्याशिवाय कोण चुकतं ते ठरणार नाही. पाय ठेवणार नाही असं मी म्हटलं होतं. सिस्टर बर्नाडेटला काय सांगायचं ते मी वर गेल्यावर बघून घेईन.

पासपोर्टच्या फोटोला गेले होते. पोरगा म्हणाला, आजी, हसायचं नाही. लोसा एवढी हसली की त्याने तिला बाहेर काढलं. व्हिसाचं तीच बघते आहे. लाफाएले विचारत होता, ऑकलंडच्या बसवर चित्रं असतात का. मी म्हटलं, जाहिराती असतात. त्याला वाईट वाटलं.

मोठ्या विमानतळावर मी हरवणार नाही, पण तू ये. कामाचा दिवस असला तरी ये. मला दारातून बाहेर पडल्यावर गर्दीत तुझा चेहरा शोधायला लागू नये, म्हणून पुढे उभी राहा. केस पिकले असतील तर आधी सांग.

आणि तिकडे थंडी असते म्हणतात. माझ्याकडे कोट नाही, इथे कुणाकडे असणार. आईला तिकडे तू एक कोट घेतला होतास, लाफाएलेच्या मुलीने सांगितलं होतं, तपकिरी, मोठ्या बटणांचा. आईला कोट घातलेलं मी कधी पाहिलंच नाही. टाकला नसलास तर विमानतळावर घेऊन ये. मी तिच्याच मापाची आहे आता.

तुझी,
अकेनेसे